कापूस, कोळसा आणि मोकळा बाजार

मुक्त अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की मराठी चर्चेची गाडी हमखास 1991 वर येऊन थांबते. नरसिंह राव, मनमोहन सिंग, डंकेल प्रस्ताव, मग जागतिकीकरणाचे फायदे-तोटे. जणू ही कल्पना त्या वर्षीच विमानातून खाली उतरली. नागपूर जिल्ह्यातलं खापरखेडा ज्या सावनेर तालुक्यात आहे, तिथल्या जुन्या कापूसवाल्यांना मात्र हा वाद त्याआधी वीस वर्षं ठाऊक होता. पुस्तकातून नव्हे, नाक्यावरून.

महाराष्ट्राने 1971 साली कापसाची खरेदी, प्रक्रिया आणि विक्री यांचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. सावनेरपासून मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. पलीकडे सौंसर आणि पांढुर्णा. माती तीच, वाण तेच, बोलीही बरीचशी तीच. पण कापसाची बंडी घेऊन हद्द ओलांडली की शेतकरी तस्कर ठरायचा. स्वतःच्या रानात, स्वतःच्या घामाने पिकवलेला माल शेजारच्या बाजारात नेणं हा गुन्हा होऊ शकतो, हे त्याला समजावून सांगायला कुठल्याही स्कॉटिश तत्त्वज्ञाची गरज पडली नाही.

योजनेमागचा हेतू वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. व्यापाऱ्याचं खोटं माप, आडत्याची कटौती, सावकाराचा फास हे सगळं खरंच होतं आणि हमीभावाची शाश्वती ही लहान गोष्ट नव्हती. पण केंद्रावर काय व्हायचं? बंड्यांची रांग. ग्रेडर यायचा, ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस उपसून धागा ओढून पाहायचा आणि प्रत ठरवायचा. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या एका मुठीत. चिठ्ठी मिळायची, मग चुकाऱ्याची वाट. तोही हप्त्याहप्त्याने, भांडवल निधीची कपात वजा जाऊन. ग्रेडरचा निकाल पटला नाही तर दुसरं दार ठोठावायची सोय नव्हती. खासगी व्यापारीही लबाडी करतोच, पण त्याच्याकडून बंडी वळवून पुढच्याकडे नेता येते. साऱ्या मुक्त बाजारविचाराचा गाभा मला या वळवता येणाऱ्या बंडीत दिसतो. व्यापारी भला माणूस असतो असं तो विचार कधीच म्हणत नाही. निघून जायला वाट असावी, एवढंच त्याचं म्हणणं.

आणखी एक मौज. जगात कापूस तेजीत असला की इथला माल चोरवाटांनी पलीकडे जायचा, आणि मंदीत हमीभाव वरचढ ठरला की पलीकडचा माल चोरवाटांनी इकडे यायचा. नाके दोन्ही वेळी तेच. पहिल्या वेळी शेतकरी बुडायचा, दुसऱ्या वेळी सरकारी तिजोरी. शेवटी योजनेचा तोटा हजारो कोटींत गेला आणि 2002 नंतर खासगी खरेदीला दार उघडलं.

ही गोष्ट अॅडम स्मिथला फार आवडली असती. 'वेल्थ ऑफ नेशन्स' मार्च 1776 मध्ये निघालं आणि दोनच वर्षांत हा मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता स्कॉटलंडच्या जकात खात्यात आयुक्त म्हणून रुजू झाला. निषिद्ध मालाची यादी हाती पडल्यावर त्याने घरचं कपाट तपासलं, तर आपले गळपट्टे, रुमाल, झालरी बहुतेक सगळं बंदी असलेल्या परदेशी मालातलं असल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने ते जाळून टाकलं आणि एका स्नेह्याला पत्रातून ही हकीकत कळवली. कायदे पाळणाऱ्या सज्जनालाही नकळत तस्कर करतात ते कायदे मुळातच चुकीचे, असा त्याचा रोख होता.

स्मिथच्या आधीही हा विचार होता. फ्रान्समध्ये केने आणि त्याचे अनुयायी शेती हाच संपत्तीचा उगम मानत आणि धान्याच्या व्यापारावरची बंधनं उठवा म्हणत. म्हणजे मुक्त बाजाराची पहिली संघटित मागणी कारखानदारांसाठी झाली नाही, धान्य पिकवणाऱ्यांसाठी झाली. तुर्गो अर्थमंत्री झाला तेव्हा 1774 मध्ये त्याने धान्यव्यापार मोकळा केला. नेमकं पीक बुडालं, 1775 च्या वसंतात पावाचे भाव भडकले, दंगली उसळल्या आणि पुढच्या वर्षी तुर्गो घरी गेला. शहरातल्या खाणाऱ्याचा आवाज मोठा आणि गावातल्या पिकवणाऱ्याचा लहान, हे गणित तेव्हापासून बदललेलं नाही. कांद्याचे भाव चढले की दिल्लीला घाम फुटतो आणि कोसळले की लासलगावला, हा त्याचाच आजचा प्रयोग.

स्मिथचा राग केवळ सरकारवर होता असं समजणारे त्याचं पुस्तक मधूनच सोडून देत असावेत. त्याचा खरा रोष सरकार आणि व्यापारी यांच्या संगनमतावर होता. एका धंद्याचे लोक एकत्र जमले की बोलणं गिऱ्हाइकाला कसं लुबाडायचं यावर वळतं, हे त्याचं निरीक्षण. ईस्ट इंडिया कंपनीवर तर त्याने पानंच्या पानं खर्च केली. व्यापाऱ्यांच्या कंपनीने राज्य करणं हा राज्यकारभाराचा सर्वांत वाईट प्रकार, असं त्याचं मत होतं, आणि त्याच्यासमोर उदाहरण बंगालचं होतं.

आपल्याकडे मात्र हा विचार पोहोचला तो त्याच कंपनीच्या बोटीतून. अर्थशास्त्र मराठीत लवकर आलं, लोकहितवादींचं 'लक्ष्मीज्ञान' 1849 चं आहे. पण विदर्भात तो विचार पुस्तकाआधी रुळांवरून आला. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) मँचेस्टरचा कापूस तुटला, वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे पिकतो. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. पुढे मँचेस्टरच्या दबावाखाली आयात कापडावरचा कर नावाला राहिला आणि 1896 मध्ये तर हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला, लँकेशायरच्या मालाला तोशीस नको म्हणून. तोंडाने मुक्त व्यापार आणि हाताने हा कर. त्याच सुमारास 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ मध्य प्रांताने सोसले. धान्यव्यापारात हात घालायचा नाही हे तेव्हाच्या साहेबी अर्थशास्त्राचं सोवळं होतं, आणि उपाशी माणसाच्या खिशात पैसाच नसेल तर बाजार त्याच्यापर्यंत धान्य आणत नाही, ही साधी गोष्ट त्या सोवळ्यात बसत नव्हती.

म्हणून न्यायमूर्ती रानड्यांचं 1892 चं डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान महत्त्वाचं. इंग्लंडात खरे ठरलेले अर्थनियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडतात हा दावा त्यांनी खोडून काढला. रानड्यांना आपल्याकडे सरसकट बाजारविरोधी ठरवलं जातं. ते मला पटत नाही. त्यांचा आक्षेप अर्धवट मुक्ततेवर होता. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने स्वतःला सोयीचे दरवाजे उघडायचे, गैरसोयीचे बंद ठेवायचे आणि वर त्याला निसर्गनियम म्हणायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. स्मिथलाही नसतं.

विदर्भात हा आढावा घेताना बाबासाहेब आंबेडकरांना वगळून पुढे जाता येत नाही, तरी बहुतेक जण जातात. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना एडविन कॅनन यांची, म्हणजे स्मिथच्या ग्रंथाची विद्वन्मान्य आवृत्ती 1904 मध्ये ज्यांनी सिद्ध केली त्यांचीच. कॅनन यांना पुष्कळ मुद्दे पटले नव्हते आणि तसं त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणी लिहिलं. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याच्या पुरवठ्याला नियमाची वेसण हवी, हा आंबेडकरांचा पक्ष. चलनफुगवट्याचा मार गरिबाच्या पाठीवर बसतो याची त्यांना पुरी जाण होती. तेच आंबेडकर 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मुख्य उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारच्या ताब्यात असावी म्हणतात. सरकारने हात काढून घेतला की तिथे पोकळी राहत नाही, मालक आणि जमीनदाराचा हात येतो, हा त्यांचा युक्तिवाद. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला 'बंडी वळवायला वाट आहेच की' असं सांगून भागत नाही, त्याच्याकडे मुळात बंडीच नसते. मुक्त बाजाराच्या मराठी पुरस्कर्त्यांनी या आक्षेपाला नीट उत्तर दिलेलं मला तरी वाचायला मिळालेलं नाही. आंबेडकरांची ही दोन पुस्तकं एकमेकांना छेद देतात असं म्हणतात. मला ती एकाच संशयाची दोन टोकं वाटतात. नळाची चावी कुणाच्या हाती आहे, एवढंच ते दोन्हीकडे विचारत आहेत.

आता 1959. त्या जानेवारीत नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. संयुक्त सहकारी शेती, जमिनीवर कमाल मर्यादा आणि धान्याचा सरकारी व्यापार यांचा ठराव झाला. चौधरी चरणसिंगांनी व्यासपीठावरून विरोध केला, पण नेहरूंच्या शब्दापुढे तो टिकला नाही. हा 'नागपूर ठराव' देशभर गाजला आणि त्याच्याच प्रतिक्रियेतून काही महिन्यांत राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. स्वतंत्र भारतातल्या उघड बाजारवादी राजकारणाची ठिणगी अशी नागपुरात पडली, आणि नागपूरकरांना संत्र्याखेरीज ज्या गोष्टींचा अभिमान आहे त्यांत हिची गणती होत नाही.

वैचारिक तयारी आधीच झाली होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर अर्थतज्ज्ञांच्या समितीत बी. आर. शेणॉय यांनी 1955 मध्ये एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. तुटीचा अर्थभरणा झेपणार नाही, नियंत्रणं वाढत जातील, असा त्यांचा इशारा होता. दोन वर्षांत परकीय चलनाची गंगाजळी आटली. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी 1956 मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं. हेच श्रॉफ 1944 च्या 'बॉम्बे प्लॅन'वर सही करणाऱ्यांपैकी, त्या प्लॅनमध्ये उद्योगपतींनीच सरकारी नियोजन मागितलं होतं. स्वतंत्र पक्ष 1967 मध्ये लोकसभेत 44 जागांवर गेला, पण महाराष्ट्रात त्याचं बस्तान बसलं नाही. संस्थानिक आणि धनिकांचा पक्ष अशी त्याची ख्याती, आणि इथल्या बागायतदाराला सहकारी साखर कारखान्यातून सत्ता दिसत होती. धनंजयराव गाडगिळांसारखा नागपुरात वाढलेला अर्थतज्ज्ञ सहकाराला बळ देत होता. मोकळ्या बाजाराची भाषा गिरगाव-फोर्टच्या सभागृहांतून बाहेर येईना.

ती बाहेर काढली शरद जोशींनी. टपाल खात्यातली आणि मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून हिशेब मांडला. कितीही राबलं तरी तोटाच येतो, कारण तोटा मशागतीत नाही, भावात आहे. शेतमालाचा भाव पाडणं हे सरकारचं धोरणच आहे, हे त्यांचं सूत्र. 1980 मध्ये चाकणचा कांदा, नाशिकचा ऊस, 1981 मध्ये निपाणीची तंबाखू, मग विदर्भातला कापूस. शेतकऱ्यावरचा अनुदानाचा उपकार प्रत्यक्षात उणे आहे, त्याला जगाच्या भावापेक्षा कमी मिळवून देऊन सरकार उलट त्याच्याकडूनच वसुली करतं, हे ते सभेत अशा भाषेत सांगत की बांधावरच्या माणसाला टक्केवारी पाठ होई. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या वेळी भारत सरकारने स्वतः दिलेल्या आकड्यांतही हे सहाय्य उणेच निघालं. डाव्या-उजव्या दोघांनी डंकेल प्रस्तावाविरुद्ध रान उठवलं तेव्हा जोशी जवळजवळ एकटे त्याच्या बाजूने उभे राहिले. एकाधिकार खरेदीविरुद्ध त्यांच्या लोकांनी कापूस हद्दीपलीकडे नेण्याची आंदोलनं केली, ती कायदेभंगाच्या जुन्या धाटणीची.

हायेकने 1945 च्या एका निबंधात मांडलं होतं की अर्थव्यवस्थेचा कळीचा प्रश्न ज्ञानाचा आहे: कुठल्या वावरात काय पिकलं, कुणाला काय हवं, ही माहिती लाखो माणसांत विखुरलेली असते, मुख्यालयात ती कधीच गोळा होत नाही, आणि भाव हीच ती एकमेकांना कळवायची रीत. ग्रेडरच्या मुठीपुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हा निबंध वाचून दाखवला असता तर तो म्हणाला असता, यात नवं काय?

पण 2002 नंतरचं पान उलटायला हवं, आणि तिथे मोकळ्या बाजाराच्या मराठी मंडळींचा घसा जरा कोरडा पडतो. एकाधिकार गेला, खासगी खरेदी आली, खेडा खरेदीवाले दारापर्यंत आले, बीटी वाण आलं. आणि विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी त्याच दशकात देश हादरला. नाका उठला होता, पण सावनेरचा भाव आता न्यूयॉर्कच्या वायद्याशी बांधला गेला होता, आणि तिथला शेतकरी अमेरिकी सरकारच्या अनुदानावर उभा होता. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावून जिंकला. आपला कापूसवाला मात्र हातात पासबुक आणि डोक्यावर कर्ज घेऊन या शर्यतीत उतरला होता. पाण्याची सोय नाही, पीक विम्याचा भरवसा नाही. बाजार मोकळा करणं म्हणजे एक कुलूप काढणं. आत किती कुलपं आहेत हे त्यानंतर कळतं.

बियाण्याचं कुलूप तर अजून लागलेलंच आहे. तणनाशक-सहनशील वाणावर बंदी असताना जोशींच्या शेतकरी संघटनेने जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला ते उघडपणे लावलं. बंदीमुळे वाण थांबलं नाही, चोरबाजारात गेलं. तिथे पावती नाही, म्हणून बोगस निघालं तर दाद नाही. 2020 च्या शेती कायद्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की मुक्तीचा कायदा अध्यादेशाने आणणं ही शोभणारी गोष्ट नव्हती. पंजाबच्या शेतकऱ्याला खरेदीची हमी जाईल अशी भीती होती, विदर्भातल्या शेतकऱ्याला ती हमी कधी धड मिळालीच नव्हती. दोघांची गाठ एका कायद्यात घातली, ती नोव्हेंबर 2021 मध्ये सोडावी लागली.

आणि धोरणाची धरसोड? डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद झाले, डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात. ऑगस्ट 2025 मध्ये, म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, कापसाच्या आयातीवरचा 11 टक्के कर गिरण्यांसाठी माफ झाला, आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. गिरणीला जगाच्या बाजारातून स्वस्त घ्यायची मुभा, शेतकऱ्याला भाव चढला की जगाच्या बाजारात विकायला मनाई. रानड्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटली असती. काटोल-नरखेडची संत्री तर बांगलादेशने आयातकर चढवल्यापासून अडकली आहेत. शेजाऱ्याचं दार शेजाऱ्याच्या हातात असतं, तिथे आपल्या बाजूची मुक्तता अपुरी पडते.

खापरखेड्यात या साऱ्याची दुसरी बाजू उभी आहे, चिमण्यांसकट. 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 चा एक, मिळून 1,340 मेगावॅटचं महानिर्मितीचं केंद्र. आसपास वेकोलिच्या, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणी, पाणी पेंच-कन्हानच्या खोऱ्यातलं. कोळसा 1973 मध्ये राष्ट्रीय झाला, 1 जानेवारी 2000 पासून त्याच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण गेलं. पण किंमत मोकळी झाली तरी विकणारा एकच राहिला, तेव्हा मोकळी कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. मधल्या काळात खाणी ओळखीपाळखीने वाटल्या गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दोनशेहून अधिक वाटपं रद्द केली, मग लिलाव आला आणि 2020 पासून कुणालाही विक्रीसाठी कोळसा काढायची मुभा मिळाली. लिलावाचा आग्रह हा बाजारविचाराचा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी वादग्रस्त धडा असायला हवा होता. तो शिकायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

विजेत तर सरकारी आणि बाजारी हा भेदच विरघळतो. वीज मंडळाचे 2005 मध्ये तुकडे झाले. आज कोणता संच किती चालवायचा हे बदलत्या खर्चाच्या उतरंडीने ठरतं: ज्याची युनिटमागची इंधनाची किंमत कमी, त्याला आधी मागणी. सरकारी केंद्रातला पाळीवरचा अभियंता कुठल्याही व्यापाऱ्याइतकाच भावाला जखडलेला आहे. उलट नागपुरात 2011 मध्ये शहराच्या मोठ्या भागातलं वितरण खासगी फ्रँचायझीकडे गेलं आणि 2019 मध्ये महावितरणकडे परत आलं. त्या आठ वर्षांत ग्राहकाला दुसरी तार निवडायची सोय नव्हती. कंपनी बदलली, मक्तेदारी तीच. खासगीकरण आणि बाजार या दोन गोष्टी एक नव्हेत, हे महाल-गांधीबागच्या वीजग्राहकाने बिल भरत शिकून घेतलं.

आणि राख. युनिटच्या दरात कोळसा येतो, पगार येतात, व्याज येतं. वारेगावच्या राखेच्या तलावाजवळ राहणाऱ्या बाईच्या वाळत घातलेल्या धुण्यावर बसणारा थर त्यात बराच काळ आला नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगूने 1920 मध्ये अशा नुकसानीवर कर लावा म्हटलं, कोसने 1960 मध्ये हक्क नीट ठरवून द्या म्हटलं, म्हणजे लोक आपसात सौदा करतील. दोन्ही बाजारविचाराच्याच घरातली उत्तरं. नांदगावच्या राखेच्या तलावावरून गावकऱ्यांनी आरडाओरड केली तेव्हा 2022 मध्ये राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी येऊन तिथे राख टाकणं थांबवायला लावलं. म्हणजे सौदा झाला नाही, हुकूम झाला. डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने पहिल्यांदा न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई बसवली. राखेला, उणा का होईना, भाव आला. कोरडी राख सिमेंटवाले स्वतःच्या बल्करमधून भरून नेतात. तलावात साचलेली ओली राख कोण नेणार आणि वाहतुकीचं भाडं कुणाच्या खात्यावर टाकणार, यावर घासाघीस चालू आहे.